"एकच साचा पाठ करा, सात बँड घ्या": आलेख-वर्णनाबद्दलच्या फिरत्या मेसेजला उत्तर

परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात निघाली किंवा नर्सिंगचं शेवटचं वर्ष संपत आलं, की बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या पोरापोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेबद्दलचा एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. शब्द मागेपुढे होतात, पण मजकूर साधारण असा असतो:

"रायटिंगचा टास्क वन, म्हणजे आलेखाचं वर्णन, हे फुकटचे मार्क आहेत. खालचा साचा पाठ करा, कोणत्याही आलेखाला चालतो. आलेखातला प्रत्येक आकडा लिहा, एक सुटला तर मार्क कापतात. शेवटी कारणं आणि निष्कर्ष द्या. भारी भारी शब्द वापरा. दीडशे शब्द सांगतात, तुम्ही अडीचशे लिहा. टास्क टूला डबल वजन आहे, म्हणून टास्क वन शेवटी दहा मिनिटांत उरका. आणि मराठी मीडियमवाल्यांनो, क्लास लावल्याशिवाय हे जमत नाही."

यात खरं एकच आहे: टास्क टूला, म्हणजे निबंधाला, दुप्पट वजन असतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि बाकीचे दावे पोरांचे बँड, म्हणजे या परीक्षेतले गुण, खाली खेचणारे आहेत. परीक्षेची फी आपल्याकडे बऱ्याच घरांत सोयाबीन विकून नाहीतर उसनवारी करून भरली जाते. म्हणून एकेक दावा घेऊन सविस्तर उत्तर देतो.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या: तुमच्या परीक्षेत आलेख आहे तरी का? आलेखाचं वर्णन आयईएलटीएसच्या ॲकॅडेमिक प्रकारात येतं. जनरल ट्रेनिंग प्रकारात टास्क वन म्हणजे पत्र असतं. नर्स-डॉक्टरांसाठीच्या ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेतही पत्रच लिहायचं असतं. पीटीई या आणखी एका इंग्रजीच्या परीक्षेत आलेख येतो, पण तो तोंडी: चित्र बघायला 25 सेकंद आणि बोलायला 40 सेकंद. मेसेज या सगळ्यांची खिचडी करतो, आणि ज्यांना पत्र लिहायचं आहे ते आलेखाचे साचे घोकत बसतात. पुढचं सगळं आयईएलटीएस ॲकॅडेमिकबद्दल आहे. तिथे लेखनाला एकूण 60 मिनिटं असतात. टास्क वनला किमान 150 शब्द आणि सुचवलेली 20 मिनिटं, टास्क टूला किमान 250 शब्द आणि 40 मिनिटं.

"एकच साचा कोणत्याही आलेखाला चालतो"

टास्क वनमध्ये रेषालेख, स्तंभालेख, वृत्तालेख आणि तक्ता येतो. कधी यातले दोन एकत्र येतात. कधी आकडा नावालाही नसतो: एखादी वस्तू कशी तयार होते त्याची आकृती, किंवा एखाद्या गावाचे जुना आणि नवा असे दोन नकाशे. मेसेजमधला साचा "द ग्राफ इलस्ट्रेट्स द चेंजेस इन... ओव्हर अ पीरियड ऑफ..." असा सुरू होतो. समोर एकाच वर्षाचा वृत्तालेख असेल तर त्यात बदलही नाही आणि कालावधीही नाही. साचा पाठ असलेला विद्यार्थी तरीही "चेंजेस" लिहून येतो. पहिल्याच वाक्यात परीक्षकाला दिसतं की यानं आलेख पाहिलेलाच नाही.

प्रक्रियेच्या आकृतीत तर साचा पुरता कोलमडतो. समजा जिनिंगची आकृती आली: कापूस आत येतो, साफ होतो, रुई आणि सरकी वेगळी होते, रुई दाबली जाते, 170 किलोच्या गाठी बांधल्या जातात. इथे वाढ नाही, घट नाही, तुलना नाही. इथे टप्प्यांचा क्रम लागतो आणि कर्मणी प्रयोग लागतो: "द लिंट इज सेपरेटेड फ्रॉम द सीड अँड प्रेस्ड इन्टू बेल्स." अकोट, हिंगणघाट, वणी भागातल्या पोरांनी जिनिंग डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना ही पाच वाक्यं साच्याशिवाय जास्त चांगली लिहिता येतील.

परीक्षकांकडचे गुणनिकष गुप्त नाहीत, संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. टास्क वनला चार निकष असतात: प्रश्नाचं उत्तर कितपत दिलं, मांडणी आणि सांधेजोड, शब्दसंपदा, व्याकरण. चारही निकषांना सारखं वजन. पाठ केलेल्या, साचेबंद भाषेचा उल्लेख त्यात खालच्या पातळ्यांच्या वर्णनात येतो. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून काढलं तर त्याचंही श्रेय मिळत नाही.

मग पाठ काहीच करायचं नाही का? करायचं, पण परिच्छेद नव्हे. पाठ करायचा तो क्रम: पहिलं वाक्य आलेख कशाचा आहे ते आपल्या शब्दांत सांगणारं, मग दोन वाक्यांत एकूण चित्र, म्हणजे ओव्हरव्ह्यू, मग तपशिलाचे दोन परिच्छेद. त्यात काय भरायचं ते दर वेळी आलेख बघूनच ठरतं.

"प्रत्येक आकडा लिहा, एक सुटला तर मार्क कापतात"

सगळ्यात जास्त नुकसान हा दावा करतो. प्रश्नाखालची सूचना दर वेळी तीच असते, तिचा मतितार्थ असा: मुख्य वैशिष्ट्यं निवडून सांगा आणि जिथे लागू असेल तिथे तुलना करा. 'निवडून' हा शब्द सूचनेतच आहे. गुणनिकषांत पाचव्या बँडचं वर्णन वाचा, तिथे तपशिलाची यांत्रिक जंत्री दिल्याचा उल्लेख सापडेल. सातव्या बँडला स्पष्ट ओव्हरव्ह्यू, आकड्यांची नीट गटवारी आणि मुख्य कल किंवा फरक ओळखलेले असणं अपेक्षित आहे. म्हणजे मेसेज जे करायला सांगतो, ते परीक्षेच्या स्वतःच्या कागदांत पाचव्या बँडचं लक्षण म्हणून लिहिलेलं आहे.

सरावासाठी एक आलेख घेऊ. आकडे काल्पनिक आहेत, पण चित्र ओळखीचं वाटेल. एका तालुक्यातलं तीन पिकांखालचं क्षेत्र, हजार हेक्टरमध्ये, 2000, 2005, 2010, 2015 आणि 2020 या पाच वर्षांसाठी:

कापूस: 48, 40, 34, 38, 42
सोयाबीन: 12, 25, 41, 44, 36
ज्वारी: 30, 22, 14, 7, 4

आकडे पंधरा. मेसेजप्रमाणे चाललं तर उत्तर असं होतं: 2000 मध्ये कापूस 48 होता, 2005 मध्ये 40 झाला, 2010 मध्ये 34 झाला, मग 38, मग 42, सोयाबीन 12 होतं, मग 25... शब्द दीडशेच्या वर जातात, हात दुखतो, आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तक्ता त्याच्यासमोर आहेच, तो शब्दांत पुन्हा उतरवून त्याला काय मिळालं?

त्याऐवजी पेन्सिलनं तक्त्यावर चार खुणा करा. सुरुवात कुठे, शेवट कुठे, सगळ्यात वरचा बिंदू कोणता, आणि रेषा एकमेकींना कुठे छेदतात. एवढ्यावरून चित्र उभं राहतं. ज्वारी पूर्ण वीस वर्षं सतत घसरली, 30 वरून 4 वर आली. सोयाबीन 2015 पर्यंत चढलं, तिपटीहून जास्त झालं, मग थोडं उतरलं. कापूस 2010 पर्यंत खाली आला, नंतर सावरला. छेदनबिंदू तीन आहेत: 2005 च्या थोडं आधी सोयाबीन ज्वारीच्या पुढे गेलं, 2005 ते 2010 च्या दरम्यान कापसाच्याही पुढे गेलं, आणि 2015 नंतर कापसानं पहिला नंबर परत घेतला.

आता ओव्हरव्ह्यू. यात आकडा शक्यतो घालू नका, आकडे पुढच्या परिच्छेदांसाठी राखून ठेवा. आधी मराठीत स्वतःला विचारा: हा आलेख एखाद्याला बांधावर उभं राहून दोन वाक्यांत सांगायचा तर काय सांगाल? "ज्वारी जवळजवळ गेली, तिच्या जागी सोयाबीन आलं. कापूस मधे मागे पडला, पण शेवटी परत पहिला आला." झाला ओव्हरव्ह्यू. इंग्रजीत: "ओव्हरऑल, द एरिया अंडर सॉर्गम फेल थ्रूआउट द पीरियड, व्हाइल सोयाबीन एक्स्पांडेड शार्पली अनटिल 2015. कॉटन लॉस्ट इट्स लीड टू सोयाबीन बट रिगेन्ड इट बाय 2020." यात एकही भारी शब्द नाही, आणि आलेखातली मुख्य गोष्ट सगळी आली.

तपशिलाचे परिच्छेद पाडताना 'एका पिकाला एक परिच्छेद' असं करू नका, त्यात तुलना हरवते. कापूस आणि सोयाबीन एका परिच्छेदात घ्या, कारण त्यांची शर्यत आहे. ज्वारी दुसऱ्यात, सोयाबीननं तिला मागे टाकल्याच्या उल्लेखासह. पंधरापैकी आठ-नऊ आकडे पुरतात: कापसाचे 48, 34, 42, सोयाबीनचे 12, 44, 36, ज्वारीचे 30 आणि 4. सोयाबीननं कापसाला गाठलं तिथला 2010 चा 41 घातला तर वाक्य आणखी भक्कम होतं. कापसाच्या 38 ला आणि ज्वारीच्या 14 ला कुणी विचारत नाही.

निवड म्हणजे आकडे गाळून टाकणं नव्हे, हेही सांगायला हवं. आकड्यांशिवाय नुसतं "सोयाबीन खूप वाढलं" लिहिलं तर तेही कमी पडतं, कारण वर्णनाला आधार देणारे आकडे हवेतच. प्रत्येक मोठ्या विधानाला एक किंवा दोन आकडे, हे प्रमाण ठेवा.

"शेवटी कारणं आणि निष्कर्ष द्या"

आपल्या भागातल्या पोरांना हा मोह सगळ्यात जास्त होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. कापसाची रेषा खाली-वर होताना दिसली की का झाली ते त्यांना माहीत असतं. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, वेचणीला मजूर मिळत नाही, सोयाबीन साडेतीन महिन्यांत वावर मोकळं करतं. हे सगळं खरं आहे. पण आलेखात यातलं काहीच नाही. टास्क वनमध्ये फक्त समोर जे दिलं आहे ते सांगायचं असतं. कारण लिहिलं की ते विषयाबाहेरचं धरलं जातं, त्यावर खर्च झालेले शब्द वाया जातात आणि खऱ्या वैशिष्ट्यांना जागा उरत नाही. ते ज्ञान टास्क टूसाठी ठेवा. तिथे मत, कारण आणि उदाहरण मागितलेलं असतं, आणि गावाकडचं नेमकं उदाहरण तिथे सोन्यासारखं चालतं.

निष्कर्षाचंही तसंच. "म्हणून शेतकऱ्यांनी पीकपद्धती बदलली पाहिजे" हे मत झालं. टास्क वनला निष्कर्ष लागत नाही, ओव्हरव्ह्यू लागतो. तो पहिल्या वाक्यानंतर द्या किंवा सगळ्यात शेवटी, दोन्ही चालतं. आम्ही पहिल्या वाक्यानंतरच द्यायला सांगतो, कारण शेवटी ठेवलेला ओव्हरव्ह्यू वेळ संपला की राहूनच जातो.

"भारी भारी शब्द वापरा"

मेसेजसोबत शब्दांची यादी येते: स्कायरॉकेटेड, प्लमेटेड, सोअर्ड, असे वीस-पंचवीस. 48 वरून 40 वर आलेल्या रेषेला "प्लमेटेड" लिहिलं तर ते चूक आहे, कारण तो शब्द कड्यावरून कोसळल्यासारख्या घसरणीसाठी आहे. "फ्लक्च्युएटेड" वर-खाली, वर-खाली होणाऱ्या रेषेलाच चालतं. एकदा उतरून एकदा चढलेल्या कापसाला नाही. शब्द मोठा आहे की लहान हे परीक्षक मोजत नाही, नेमका आहे का ते बघतो. वाढीसाठी राइज, इनक्रीज, ग्रो, घटीसाठी फॉल, डिक्लाइन, ड्रॉप, स्थिर राहण्यासाठी रिमेन स्टेबल, शिखरासाठी पीक (peak). त्यांना जोडायला स्लाइटली, ग्रॅज्युअली, स्टेडिली, शार्पली. यातल्या प्रत्येकाचं स्पेलिंग पक्कं असेल आणि क्रियापद व नाम अशी दोन्ही रूपं वापरता येत असतील ("रोझ शार्पली", "अ शार्प राइज इन"), तर रेषालेखाचा मोठा भाग भागतो.

बँड खरे जातात ते लहान शब्दांवर. इथे जरा थांबून वाचा.

पहिलं, 'ने' आणि 'पर्यंत'. कापूस 48 हजारांवरून 34 हजारांवर आला. 14 हजारांनी घटला: "फेल बाय 14,000". 34 हजारांपर्यंत घटला: "फेल टू 34,000". 'बाय'च्या जागी 'टू' पडला की व्याकरण चुकतंच, शिवाय आकडाही खोटा होतो. मग दोन निकषांत मार खावा लागतो. नामासोबत हे बदलतं: "अ फॉल ऑफ 14,000", "अ फॉल इन द एरिया". स्थिर बिंदूला 'ॲट': "स्टुड ॲट 48,000", "पीक्ड ॲट 44,000".

दुसरं, कर्ता. "सोयाबीन इनक्रीज्ड" असं मोघम लिहिलं जातं. वाढलं ते सोयाबीनखालचं क्षेत्र: "द एरिया अंडर सोयाबीन इनक्रीज्ड". पुढे एखाद्या वाक्यात नुसतं सोयाबीन चालून जाईल, पण प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात काय मोजलं आहे ते स्पष्ट हवं. मोजता येणाऱ्या गोष्टींना "नंबर ऑफ", न मोजता येणाऱ्यांना "अमाउंट ऑफ": नंबर ऑफ फार्मर्स, अमाउंट ऑफ वॉटर.

तिसरं, एकक. अक्षावर 'हजार हेक्टर' लिहिलेलं असतं आणि पोरं "48 हेक्टर्स" लिहून येतात. अख्ख्या तालुक्याची पऱ्हाटी अठ्ठेचाळीस हेक्टरांत? आकडा लिहिल्यावर असा प्रश्न स्वतःला विचारला तर चूक लगेच सापडते. लाख-कोटींचं भान तर फारच ठेवावं लागतं. परीक्षेत 1,250,000 असा स्वल्पविराम येतो, तो आपला 12,50,000, म्हणजे साडेबारा लाख, इंग्रजीत "1.25 मिलियन". दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. उत्तरात लाख-कोटी लिहू नका, आलेखात जे एकक आहे तेच ठेवा.

चौथं, टक्के. एखादी गोष्ट 20 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर गेली, तर ती "10 टक्क्यांनी" वाढली असं लिहिणं चूक आहे. ती दहा टक्के-अंकांनी वाढली: "बाय 10 परसेंटेज पॉइंट्स". मूळ विसाच्या मानानं पाहिलं तर वाढ पन्नास टक्के आहे. गोंधळ टाळायचा असेल तर सरळ "फ्रॉम 20 परसेंट टू 30 परसेंट" लिहा, त्यात चुकायला जागाच नाही. आकड्यानंतर 'परसेंट', आकडा नसताना 'परसेंटेज': "द परसेंटेज ऑफ हाउसहोल्ड्स".

दोन वृत्तालेख आले की आणखी एक फसगत होते. समजा एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च आधी 5,000 रुपये होता, त्यात अन्नावर 60 टक्के. नंतर खर्च 20,000, त्यात अन्नावर 40 टक्के. अन्नाचा वाटा घटला, पण रुपये 3,000 वरून 8,000 वर गेले. "स्पेंडिंग ऑन फूड डिक्लाइन्ड" लिहिणारा इथे साफ चुकतो. बरोबर वाक्य: "द शेअर ऑफ स्पेंडिंग ऑन फूड डिक्लाइन्ड". एकूण रक्कम दिलेली नसेल तर वाट्याबद्दलच बोला, रकमेबद्दल काहीच नाही.

पाचवं, काळ. वर्षं गेलेली असतील तर भूतकाळ. आलेख 2040 पर्यंत जात असेल तर पुढच्या भागाला "इज प्रोजेक्टेड टू राइज". वर्षच दिलेलं नसेल तर साधा वर्तमानकाळ. उत्तर लिहायला घेण्याआधी वर्षावर गोल करा, काळ तिथेच ठरून जातो.

आणि आकडा दोन आडव्या रेषांच्या मधे पडत असेल तर अंदाज सांगा: "अबाउट 41,000", "जस्ट ओव्हर 40,000". "अप्रॉक्सिमेटली 41,370" असं लिहू नका. एवढा बारीक आकडा आलेखावरून वाचताच येत नाही, मग तो आला कुठून?

"दीडशे सांगतात, तुम्ही अडीचशे लिहा"

150 ही किमान मर्यादा आहे, तिच्याखाली गेलात तर नुकसान होतं. वर जाण्याला बक्षीस नाही. 160 ते 190 शब्दांत वरच्यासारखा आलेख नीट बसतो. त्यापुढचे साठ-सत्तर शब्द बहुतेक गाळायच्या आकड्यांचे नाहीतर कारणांचे असतात, ते लिहिताना चुका वाढतात, आणि वेळ टास्क टूच्या खिशातून जातो. मुद्द्यांची यादी करूनही चालत नाही, सलग वाक्यांतच उत्तर हवं.

संगणकावरच्या परीक्षेत शब्दसंख्या पडद्यावर दिसत राहते, पण स्पेलिंग सुधारून मिळत नाही. मोबाइलवर टाइप करून आपोआप दुरुस्तीची सवय लागलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. गावात लॅपटॉप नसेल तर तालुक्याच्या वाचनालयात किंवा संगणक केंद्रात जाऊन पूर्ण कीबोर्डवर इंग्रजी टाइप करण्याचा सराव करा. वीस मिनिटांत 170 शब्द टाइप करून वर तपासणीला वेळ उरतो का, हे परीक्षेच्या आधीच कळलं पाहिजे.

"टास्क टूला डबल वजन, म्हणून टास्क वन दहा मिनिटांत उरका"

ढोबळ हिशेब करू. टास्क टूमध्ये 6.5 आणि टास्क वनमध्ये 5 मिळाले, तर (6.5 × 2 + 5) ÷ 3 म्हणजे 6. टास्क वनही 6.5 चा झाला तर लेखन 6.5. ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीसाठी ऐकणं, वाचणं, बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5 लागतात. म्हणजे असे गुण मिळालेल्या नर्सिंगच्या पोरीला टास्क वननं अर्ध्या बँडसाठी अडवलं, असा याचा अर्थ होतो. शिवाय टास्क टूमध्ये अर्धा बँड वाढवायला महिने लागतात. टास्क वनमध्ये तो नुसता ओव्हरव्ह्यू नीट लिहून आणि 'बाय-टू' सुधारूनही वाढू शकतो.

आधी कोणता सोडवायचा ते तुमच्यावर आहे. टास्क टू आधी घेतलात तरी चालेल, फक्त घड्याळ लावून 40 मिनिटांना थांबा. टास्क वनच्या वीस मिनिटांतली पहिली तीन-चार निव्वळ बघण्यासाठी: शीर्षक, अक्ष, एकक, वर्षं, चार खुणा. अक्ष शून्यापासून सुरू होतो का तेही बघा. 50 पासून सुरू होणाऱ्या स्तंभालेखात 60 चा स्तंभ 55 च्या दुप्पट उंच दिसतो आणि डोळ्यांना फसवतो. मग तेरा-चौदा मिनिटं लिहिणं. उरलेल्या वेळात फक्त आकडे, एकक, काळ आणि 'बाय-टू' तपासा, बाकी कशाला हात लावू नका.

"मराठी मीडियमवाल्यांना क्लासशिवाय जमत नाही"

हे वाक्य वाचून कितीतरी पोरं अर्जच भरत नाहीत, म्हणून याचा राग येतो. आलेख वाचणं ही इंग्रजीची गोष्ट नाही. आपल्या भूगोलाच्या आणि गणिताच्या पुस्तकांत रेषालेख, जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख आणि वृत्तालेख शिकवलेले आहेत, आणि दहावीला आलेख काढायलाही लावतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या पोरीनं प्रमाण घेऊन आलेख कागदावर काढलेला असतो. तिला फक्त त्यासाठीची इंग्रजी वाक्यं हवीत, आणि ती मर्यादित आहेत. चांगला शिक्षक मिळाला तर नक्की जा, तपासून देणारा माणूस उपयोगी पडतोच. पण नागपूर-अमरावतीत खोली करून महिनाभर राहिल्याशिवाय हे येतच नाही, हे खोटं आहे.

सराव असा करा. बालभारतीचं भूगोलाचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत मोफत पीडीएफ मिळतं. तोच धडा, तोच आलेख दोन्हीत शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षांना, एककांना, वाढ-घटीला इंग्रजीत काय म्हटलं आहे ते वहीत उतरवा. दुसरं साधन म्हणजे महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. ती दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी प्रसिद्ध होते, मराठीत आणि इंग्रजीतही, आणि तक्ते-आलेखांनी भरलेली असते. सिंचन, पिकं, साक्षरता, वीजवापर हे विषय आयईएलटीएसच्या आलेखांच्या जवळचेच आहेत. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळांवर नमुना प्रश्न आणि त्यांवर परीक्षकांचे शेरे असलेली उत्तरंही मोफत आहेत. विकत मिळणाऱ्या 'हमखास येणाऱ्या आलेखां'च्या पीडीएफवर पैसे घालवू नका.

पहिला आठवडा फक्त ओव्हरव्ह्यू लिहा. रोज दोन आलेख, प्रत्येकी दोन वाक्यं, बाकी काही नाही. दुसऱ्या आठवड्यात तपशिलाचे परिच्छेद, घड्याळ न लावता. तिसऱ्यापासून वीस मिनिटांत पूर्ण उत्तर, त्यात एक दिवस प्रक्रिया आणि एक दिवस नकाशा. नकाशासाठी स्वतःच्याच गावाचे दोन कच्चे नकाशे काढा, रस्ता रुंद होण्याआधीचा आणि नंतरचा: "द वीकली मार्केट वॉज मूव्ह्ड टू द नॉर्थ ऑफ द व्हिलेज" अशी वाक्यं त्यातून आपोआप सुचतात.

तपासायला कुणी नसेल तर जोडीनं करा. एकानं आलेखाचं वर्णन लिहायचं. दुसऱ्यानं मूळ आलेख न बघता, फक्त ते वर्णन वाचून, आलेखवहीवर रेषा काढायची. मग दोन्ही शेजारी ठेवा. गाळलेले मधले बिंदू सोडून द्या. सुरुवात चुकली तर 'ॲट' किंवा एकक बघा, उंची चुकली तर 'बाय-टू' बघा, रेषा भलत्या वर्षी छेदल्या तर तुलनेचं वाक्य बघा. आणि काढणाऱ्याला कोणती रेषा कशाची तेच कळलं नाही, तर प्रत्येक वाक्याचा कर्ता पुन्हा लिहून काढा.